पिवळ्या पेटीत उरलेला माणूस

माणूस गेला की दहावे, बारावे, तेरावे कसे करायचे हे सांगायला गुरुजी असतात. त्याचे कपाट कसे आवरायचे हे मात्र कुणी सांगत नाही. हेच काम व्यवसाय म्हणून करणाऱ्यांवर ‘मूव्ह टू हेवन’ ही कोरियन मालिका बेतलेली आहे. १४ मे २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आलेली ही मालिका अवघ्या दहा भागांची. वर्षानुवर्षे लांबणाऱ्या मालिकांना कंटाळलेल्यांना तेवढाच दिलासा!

हे काम प्रत्यक्ष केलेल्या किम से-ब्योल यांच्या अनुभवलेखनावरून ती सुचली. दक्षिण कोरियात एकटे राहून एकटेच मरणाऱ्यांचा प्रश्न मोठा आहे. अशा वेळी खोली धुऊन-पुसून रिकामी करायला परकी माणसे बोलवावी लागतात.

मालिकेतला हान गु-रू हा वीस वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर हे काम करतो. त्याला अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम आहे. समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव त्याला उमगत नाहीत. वस्तूंची भाषा मात्र अचूक कळते. खोलीत शिरताच तो मृताचे नाव घेतो, स्वतःची ओळख सांगतो आणि मगच कामाला हात लावतो. जपण्याजोगे जे सापडेल ते एका पिवळ्या पेटीत भरून वारसांना द्यायचे. ती पेटी घ्यायला सगळेच वारस उत्सुक असतात असे नाही! पहिल्याच भागात कारखान्यात उमेदवारी करणारा एक तरुण कामावरच्या दुखापतीने आपल्या खुराड्याएवढ्या खोलीत मरतो. त्याच्या आईवडिलांना ऐकू येत नाही आणि कंपनी हात झटकू पाहते. पोराची बाजू मांडायला उरते ती त्याची पेटीच.

आपल्याकडे शय्यादान होते, बरे कपडे वाटले जातात, उरलेले बोचके माळ्यावर जाते. आपल्या सीमाभागातल्या घरात तर आणखी एक पेच असतो. आजोबांचे हिशेब मोडीत, आजीच्या माहेरची पत्रे कन्नडमध्ये, आणि नातवंडे इंग्रजी माध्यमात. इरकल लुगडे कुणीतरी हौसेने मागून नेते, त्याच्या घडीतला कागद वाचणार कोण? मराठी आणि कन्नड दोन्ही येणारी एखादी मावशी घरात असेल, तर आवराआवरीला तिला आधी बोलवावे.

मालिकेत उणे नाही असे नाही. काका सांग-गूच्या मारामाऱ्या ताणलेल्या वाटतात. काही प्रसंग तर मुलांना शेजारी बसवून बघण्यासारखे नाहीत. पण ली जे-हूनने हा काका छान रंगवला आहे. गु-रूचे वडील अचानक जातात आणि तुरुंगातून सुटलेला हा सावत्र भाऊ तीन महिन्यांच्या बोलीवर गु-रूचा पालक म्हणून घरात येतो. थोरल्या भावाने लहानपणी आपल्याला टाकले, हा राग त्याच्या मनात घट्ट बसलेला. त्या रागाचे मूळ सेऊलच्या साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअरच्या दुर्घटनेत आहे. ती इमारत २९ जून १९९५ रोजी खरोखरच कोसळली होती आणि ५०२ माणसे दगावली होती. मालिकेतला थोरला भाऊ त्या दिवशी त्या दुकानात धाकट्यासाठी बूट घ्यायला गेलेला असतो.