जेनबाईंनी राखलेलं रान

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला गेले होते. नात दोन महिन्यांची झाली तशी लेक म्हणाली, "आई, चल, तुला इथलं जंगल दाखवते." भर शहरात कसलं आलंय जंगल, असं मनात म्हणत मी बाबागाडी ढकलत निघाले.

एव्हन नदीच्या कडेनं गेलो आणि समोर खरंच रान! रिकार्टन बुश. माओरी लोक त्याला पुतारिंगामोतू म्हणतात. वीस एकरांहून थोडं कमीच. उंदीर-मांजरांनी पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊ नयेत म्हणून भोवती २००० साली घातलेलं जाळीचं कुंपण. आत कहिकाटियाची शेकडो वर्षांची उंचच उंच झाडं. खाली नेचे, ओल आणि गारवा.

या लाकडाला वास नसतो. त्यामुळे लोणी परदेशी धाडायच्या खोक्यांसाठी ही झाडं देशभर तुटली. मग इथलीच कशी वाचली?

स्कॉटलंडहून आलेल्या डीन्स बंधूंनी १८४३ मध्ये इथे शेती मांडली. त्यातला जॉन १८५४ मध्ये आजारानं गेला. जाताना सांगून गेला, हे रान राखा. मागे राहिली बायको, जेन. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, पदरात वर्षाच्या आतलं मूल आणि माहेर सातासमुद्रापार. तिनं मुलगा वाढवला, शेतीवाडी सांभाळली, नवऱ्याचा शब्दही पाळला. १९११ मध्ये ती गेली. १९१४ मध्ये घरच्यांनी हे रान लोकांना देऊन टाकलं.

हे ऐकलं आणि मला आमच्या परसातला फणस आठवला. "तो तोडू देऊ नकोस गं," सासूबाई शेवटच्या आजारपणात म्हणाल्या होत्या. मला एकटीलाच. आता गाडीला शेड हवी म्हणून फणस काढायचं घरात ठरलं, तेव्हा मी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळी झाले होते. सासूबाईंचं बोलणं कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं.

रात्री ह्यांना फोन केला. तिकडे दुपार होती. आईंचा शब्द सांगितला. म्हटलं, "मी येईपर्यंत फणसाला कुऱ्हाड लावू देऊ नका."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आधी का नाही बोललीस?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

"बरं," ते म्हणाले, "पण मग गाडी कुठे लावायची?"

"ते बघू," मी म्हटलं.