बोकडाला लावा टेप!

दोस्तांनो, नवा शर्ट शिवायचा असला की शिंपीकाका तुमच्या छातीभोवती टेप फिरवतात, हो ना? त्याच टेपने शेळीचं वजन काढता येतं असं सांगितलं, तर विश्वास बसेल?

थट्टा नाही, अगदी खरं! शेळीला सपाट जागेवर सरळ उभी करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून टेप छातीभोवती फिरवा. हा झाला छातीचा घेर. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत मोजा. ही झाली लांबी. दोन्ही मापं इंचांत घ्या. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. उत्तर किलोमध्ये!

समजा, घेर २८ इंच आणि लांबी २६ इंच आहे. २८ × २८ × २६ = २०,३८४. त्याला ६६० ने भागलं की आले जवळजवळ ३१ किलो. हे काही काट्याइतकं अचूक नसतं. शेळी गाभण असेल किंवा नुकतीच पोटभर चरून आली असेल, तर फरक पडायचाच. पण बाजारात व्यापारी नुसता पाठीवर हात फिरवून "वीस किलो भरेल" म्हणतो ना, तेव्हा आपल्याजवळ निदान एक आकडा असतो!

तिसरं माप उंचीचं. मान जिथे पाठीला मिळते, तिथून जमिनीपर्यंत. या मापात उत्तर प्रदेशातल्या इटावाकडची जमनापारी भाव खाऊन जाते. उंचपुरी, लांब लोंबते कान आणि पोपटासारखं बाकदार नाक! तिच्याशेजारी बंगालची काळी शेळी उभी केली तर करडूच वाटेल.

मग सगळ्यांनी जमनापारीच पाळावी का? थांबा! जमनापारीला बहुधा एकच करडू होतं. बंगालची ही बुटकी मात्र जुळी देते, कधी कधी तिळीसुद्धा. आपल्या मराठवाड्यातली काळी उस्मानाबादी घ्या. (उस्मानाबादचं नाव आता धाराशिव झालं, शेळीचं मात्र तेच राहिलं!) दुष्काळी मुलखात, बाभळीचा पाला खाऊन ती जुळी वाढवते. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ धो धो पावसात तग धरते, लांब पायांनी डोंगर चढते. म्हणजे मापांची तुलना केली ती जातीजातींची कुस्ती लावायला नव्हे, बरं का! कोण कशासाठी घडली आहे, ते त्यातून कळतं.

आणि तुलना करायची तर बरोबरीच्यांचीच. बोकडाची बोकडाशी, शेळीची शेळीशी, तीही एकाच वयाची. वय कसं ओळखायचं? दात बघून! साधारण सव्वा ते दीड वर्षाला पुढचे दोन दुधाचे दात पडून मोठे दात येतात. अशी शेळी 'दोन दाती'.

आता खरी गंमत, खरं म्हणजे काळजीची गोष्ट. गोठ्यात दोन बोकड आहेत. एक भराभर वाढणारा, दुसरा किरकोळ. बाजारात आधी कोण जाईल? अर्थात धष्टपुष्ट! त्याला भाव चांगला येतो, आणि घरात पैशांची नडही असते. मागे उरतो किरकोळ बोकड, आणि तोच कळपाचा बाप होतो. एका बोकडामागे पंचवीस-तीस शेळ्या असतात, म्हणजे वर्षाला पन्नासएक करडं त्याची. असं चार-पाच पिढ्या चाललं, तर चांगली जातसुद्धा खुजी होत जाते. शेळीला 'गरिबाची गाय' म्हणतात. ती खुजी झाली की घराचं उत्पन्नही घटतं.

म्हणून तुमच्या घरी किंवा मामाच्या गावी शेळ्या असतील, तर एक वही घाला. प्रत्येक करडाची जन्मतारीख, आई कोण, जुळं की एकटं, हे लिहा. तिसऱ्या महिन्यात त्याला गोणीत घालून ताणकाट्याला लटकवा. (ओरडेल, पण दोन मिनिटंच!) पुढे सहाव्या आणि बाराव्या महिन्याला टेपची मापं घ्या. जुळ्यातला असूनही झपाट्याने वाढलेला, भरपूर दूध देणाऱ्या आईचा बोकड दिसला, की बाबांना सांगा, "हा विकायचा नाही!" आणि दोन वर्षांनी त्याची अदलाबदल दुसऱ्या गावच्या बोकडाशी करा. नाहीतर तो स्वतःच्याच लेकींच्या करडांचा बाप होईल, आणि तशी करडं अशक्त निपजतात.

हो, आणि ती वही उंच फळीवर ठेवा. शेळी कागद फार आवडीने खाते!