गरजेच्या मापाची गाडी

अमेरिकेत शेतकरी, सुतार, प्लंबर पिकअप ट्रक वापरतात, तसाच कचेरीत बसून काम करणारा माणूसही रोज पिकअपनेच कामावर जातो. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून तिथली सर्वांत खपाची पिकअप आहे, आणि तिच्यातली चार दारांची एफ-१५० साधारण ५.९ मीटर लांब भरते. अशा बाजारात फोर्डनेच जून २०२१ मध्ये मॅव्हरिक नावाची छोटी पिकअप आणली. लांबी ५.०७ मीटर, किंमत १९,९९५ डॉलरपासून पुढे, आणि त्या मूळ किमतीतच हायब्रिड यंत्रणा. आपल्या इनोव्हा हायक्रॉसपेक्षा ती फूटभर लांबच आहे, पण अमेरिकेच्या हिशेबात ती छोटी. मागणी इतकी आली, की जानेवारी २०२२ मध्ये कंपनीला त्या मॉडेलची नोंदणी थांबवावी लागली. या यशाचं श्रेय बहुतेक जण पेट्रोलच्या बचतीला देतात. ते खरं असलं तरी अपुरं आहे. माणसाच्या रोजच्या कामाला लागते तेवढीच गाडी बाजारात पुन्हा मिळू लागली, हे या गाडीचं मोठं काम.

‘पुन्हा’ म्हणायचं कारण असं, की छोटी पिकअप अमेरिकेला नवी नव्हती. ती हळूहळू नाहीशी झाली आणि त्यात धोरणांचा हात होता. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क वाढवलं, त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ पासून आयात मालवाहू गाड्यांवर २५ टक्के शुल्क लावलं. कोंबड्यांचा वाद विसरला गेला. शुल्क मात्र राहिलं आणि परदेशी बनावटीच्या स्वस्त पिकअपची वाट अडली. पुढे इंधनबचतीचे नियम गाडीच्या आकाराला जोडले गेले: गाडी जितकी मोठी, तितकी अट सैल. मग छोटी गाडी बनवण्यात कंपन्यांना फायदा उरला नाही. फोर्डची जुनी, आटोपशीर रेंजर २०११ मध्ये बंद झाली आणि २०१९ मध्ये परतली तेव्हा चांगलीच थोराड होऊन. लोकांना मोठ्याच गाड्या हव्या होत्या, हे म्हणणं म्हणूनच अर्धंच खरं. छोटी गाडी दुकानातच नव्हती, तर ती मागणार कोण?

आता हायब्रिडचं काम पाहू. मॅव्हरिकच्या २.५ लिटर इंजिनात आत घेतलेली हवा कमी दाबली जाते आणि स्फोटानंतर तिला प्रसरणाला जास्त वाव मिळतो. त्यामुळे त्याच पेट्रोलमधून अधिक काम निघतं. पण गाडी जागची हलवताना असं इंजिन थोडं अशक्त पडतं. ती उणीव विजेची मोटर भरून काढते. ब्रेक दाबला की तीच मोटर जनित्र होते आणि एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत टाकते. म्हणून ही गाडी महामार्गापेक्षा शहरात चांगलं ॲव्हरेज देते. सरकारी चाचणीत सुरुवातीच्या मॉडेलचा आकडा शहरात लिटरला सुमारे १८ किलोमीटर आणि महामार्गावर १४ आहे. सरासरी धरली तर पावणेसोळा. टर्बो पेट्रोल इंजिनाची साधी एफ-१५० सरासरी सव्वानऊच्या आसपास देते. वर्षाला २० हजार किलोमीटर चालवणाऱ्याचं साडेआठशे लिटरच्या वर पेट्रोल वाचतं. मात्र या फरकात हायब्रिडबरोबर गाडीच्या हलकेपणाचाही वाटा आहे.

यावर पहिला आक्षेप हौद्याचा. साडेचार फुटांच्या हौद्यात मावणार काय? पण फाळका पूर्ण पाडला की तळ सहा फुटांचा होतो. फाळका अर्धा उघडा ठेवला, तर आठ बाय चारचे प्लायवूडचे तक्ते चाकांच्या उंचवट्यांवर आडवे टेकतात. हौद्याच्या भिंतींत खाचा पाडल्या आहेत. त्यांत लाकडी फळी उभी सरकवली की कप्पे तयार होतात आणि वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. वजन ६८० किलोपर्यंत चालतं. सुताराची हत्यारं, मातीची पोती, जुनं कपाट, सायकली, घरमालकाची नेहमीची कामं यात निभतात. कमी पडते ती ओढण्याची ताकद. मूळ हायब्रिड साधारण ९०० किलोचाच ट्रेलर ओढते. घोड्यांचा ट्रेलर किंवा मोठी बोट नेहमी ओढणाऱ्याने ही गाडी घेऊच नये. पण वर्षातून दोनदा लागणाऱ्या ताकदीसाठी उरलेले दिवस दोन-अडीच टनांचं धूड हाकणं हा महागडा विमा आहे. त्या दोन दिवसांसाठी गाडी भाड्याने मिळते.

दुसरा आक्षेप किमतीचा, आणि तो जास्त बोचरा आहे. २०२४ च्या मॉडेलला हायब्रिडसाठी वेगळे पैसे पडू लागले. २०२५ मध्ये हायब्रिड मूळ गाडीत परत आली, पण सुरुवातच २६ हजार डॉलरच्या पुढे गेली. गाडी मेक्सिकोतल्या एर्मोसियोत बनते, त्यामुळे त्याच वर्षीच्या नव्या आयात शुल्कानंतर भाव आणखी चढला. ‘परवडणारी’ हा शब्द आज पूर्वीइतका खरा नाही, हे मान्य करायला हवं. दोषही निघाले: इंजिन निकामी झाल्यास आग लागण्याच्या शक्यतेमुळे २०२२ मध्ये या हायब्रिड गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. जुनी मॅव्हरिक घेणाऱ्याने ही दुरुस्ती झाल्याची खात्री करावीच. बॅटरीची धास्ती मात्र अवाजवी आहे. हायब्रिडच्या भागांना आठ वर्षांची किंवा एक लाख मैलांची हमी आहे.

मग सरळ विजेचीच पिकअप का नको? घरी चार्जिंगची सोय आणि खिशात पैसे असतील, तर जरूर घ्यावी. एकेका गाडीपुरतं पाहिलं तर तीच स्वच्छ. पण फोर्डच्या विजेच्या एफ-१५० मध्ये ९८ किलोवॅट-तासांची बॅटरी लागायची आणि मॅव्हरिकमध्ये १.१ ची पुरते. एका गाडीच्या बॅटरीत ८९ हायब्रिड निघतात. चार्जर विरळ असताना ही वाटणी नजरेआड करता येत नाही.

योग्य मापाची किंमत आपल्याला नवी नाही. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला लोकांनी प्रेमाने छोटा हत्ती म्हटलं, कारण गल्लीत शिरणारी आणि धंद्याला पुरणारी गाडी हवी होती, ती मिळाली. अमेरिकेतल्या मराठी घरांनाही गाडी घेताना हाच हिशेब उपयोगी पडेल. हौसेला मोल नसतं हे खरं, पण हप्त्याला आणि पेट्रोलला असतं. शोरूममध्ये जाण्याआधी गेल्या वर्षभरात खरोखर किती ओझं वाहिलं ते कागदावर मांडा, आणि त्या आकड्याच्या मापाची गाडी घ्या.