शेवटची खेप

भरलेलं पोतं पाठीवर घेतलेला माणूस लांबूनही ओळखता येतो. मोकळा माणूस चालताना टाच आधी टेकवतो. ओझ्याखालचा माणूस अख्खं पाऊल एकदम ठेवतो, गुडघा पुरता सरळ करत नाही आणि अंतर तोडायची घाई करत नाही. पुण्याच्या मार्केट यार्डच्या भुसार बाजारात पंचवीसेक वर्षं मी दिवाणजी म्हणून काम करतोय आणि त्याआधीचं सगळं आयुष्य हमालाचा मुलगा म्हणून याच परिसरात गेलं, त्यामुळे ही चाल मला कुणी शिकवावी लागली नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ पहिल्यांदा दिसला, तेव्हा आमच्या वस्तीतली पोरं त्याच्याकडे बघून एकाच गोष्टीवर बोलत होती. हा भरल्या पोत्यानं चालतोय, असं आमचं म्हणणं होतं.

वस्तीत तेव्हा मोजके टीव्ही होते. शेजारच्या काकूंकडचा काळापांढरा होता, त्याला लाकडी शटर होतं. आम्ही पंधरा-वीस जण दारापासून मोरीपर्यंत बसायचो. मालिका इंग्रजीतून लागायची आणि आमच्यातल्या एकालाही इंग्रजी कळत नव्हतं. पोरगा मनगटावरच्या घड्याळात काहीतरी बोलतो, लांब कुठेतरी उभा असलेला अवाढव्य यंत्रमानव हलतो, उडत येतो आणि राक्षसाला भिडतो, एवढं पुरायचं. बाकीचे संवाद आम्हीच घालायचो, मराठीत आणि बऱ्याचदा यार्डाच्या भाषेत. रोबॉटनं राक्षस डोक्यावर उचलला की मागून आवाज यायचा, “सांभाळ, फळी हलतीय!” लॉरीला लावलेल्या फळीवरून पोतं चढवताना खालचा माणूस वरच्याला सांगतो ते.

ही मालिका मुळात जपानची. तोएई या कंपनीनं ती काढली, ११ ऑक्टोबर १९६७ ते १ एप्रिल १९६८ या काळात तिचे २६ भाग तिथे दाखवले गेले. गोष्ट मित्सुतेरू योकोयामा या चित्रकथाकाराची. अमेरिकेत तिचं इंग्रजी झालं तेव्हा दाइसाकु कुसामा या पोराचं नाव जॉनी सोको ठेवलं आणि तीच इंग्रजी आवृत्ती आपल्याकडे आली. म्हणजे वीसेक वर्षं जुनी मालिका आम्ही ताजी म्हणून बघत होतो, आणि आम्हाला ती ताजीच होती.

गोष्टीची सुरुवात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परग्रहावरून आलेला सम्राट गिलोटिन समुद्राच्या तळाशी ठाण मांडून बसलाय आणि त्याच्या टोळीनं एका शास्त्रज्ञाला एका बेटावर कोंडून त्याच्याकडून हा रोबॉट बांधून घेतलाय. समुद्रातल्या राक्षसानं जहाज फोडल्यामुळे दाइसाकु आणि युनिकॉर्न नावाच्या संघटनेचा एक माणूस त्याच बेटावर येऊन पडतात. रोबॉट ज्याचा आवाज पहिल्यांदा नोंदवेल त्याचंच ऐकणार, अशी त्याची बांधणी. तो आवाज चुकून पोराचा नोंदला जातो. शास्त्रज्ञानं तळ उडवायला लावलेला अणुबाँब फुटतो आणि त्याच स्फोटाच्या ऊर्जेनं रोबॉट जागा होतो. हिरोशिमानंतर २२ वर्षांनी जपानी माणसानं मुलांसाठी लिहिलेली ही गोष्ट आहे, हे मला फार पुढे कळलं आणि तेव्हापासून तो पहिला भाग मी वेगळ्या नजरेनं बघतो.

योकोयामा कोबेचा. महायुद्धात तो लहान होता आणि अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी त्याचं शहर जाळलं. त्याच्या आधीच्या गाजलेल्या चित्रकथेत, १९५६ साली सुरू झालेल्या ‘तेत्सुजिन २८’मध्ये, असाच एक लोखंडी राक्षस आहे. त्याला स्वतःचं मन नाही. चालवायचा डबा ज्याच्या हातात, त्याचा तो. चोराच्या हाती डबा गेला तर चोराचा. ‘जायंट रोबॉट’मध्ये योकोयामानं हाच धागा पुढे नेला. हुकूम सोडणारा आणि ओझं उचलणारा, या दोघांतलं नातं त्याला सुटत नव्हतं असं मला वाटतं. यार्डात वाढलेल्याला तरी ते लगेच दिसतं.

आता त्या चालीकडे येतो. अशा मालिकांना जपानीत तोकुसात्सु म्हणतात, म्हणजे खास करामतींचं चित्रण. या प्रकाराचा पाया एइजी त्सुबुराया यांनी घातला. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी आलेल्या ‘गोदझिला’ची करामत त्यांचीच, पुढे १९६६ साली ‘अल्ट्रामॅन’ही त्यांच्याच कंपनीनं काढला. पडद्यावरच्या राक्षसाच्या आत एक माणूस असतो. गोदझिलाच्या आत हारुओ नाकाजिमा होते. पहिल्या गोदझिलासाठी बनवलेला पहिला पोशाख साधारण १०० किलोचा होता. तो घालून काही पावलांपलीकडे जाता येईना, म्हणून दुसरा, जरा हलका बनवावा लागला. दिव्यांच्या उष्णतेत आतला माणूस घामानं निथळायचा. नाकाजिमांनी १९५४ ते १९७२ अशी अठरा वर्षं हे काम केलं.

१०० किलो हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. माझ्या लहानपणी भुसार बाजारातलं पोतं १०० किलोचंच होतं. तांदूळ, गहू, साखर, सगळं क्विंटलच्या पोत्यात. दोघं जण हात द्यायचे आणि तिसऱ्याच्या पाठीवर ते चढायचं. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, भोर तालुक्यातून आले तेव्हा बाजार नाना-भवानी पेठेत होता, मग गुलटेकडीला आला. दोन्हीकडे पोतं तेवढंच. नाकाजिमांना पोशाख घालून काही पावलं जाता येत होतं. दादा लॉरीपासून थप्पीपर्यंत जायचे, वर चढायचे, ठेवायचे आणि परत यायचे. मला इथे कुणाला लहान-मोठं करायचं नाही. एका माणसाच्या अंगावर एवढं वजन आलं की त्याची चाल कशी होते, ते जपानच्या पडद्यावर आणि आमच्या गाळ्यासमोर सारखंच दिसत होतं, एवढंच सांगायचंय.

त्या चालीत कॅमेऱ्याचाही वाटा होता, आणि तो हिशेब सुंदर आहे. एक मीटर उंचीवरून दगड सोडला तर अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर येतो. ३० मीटरवरून पडायला अडीच सेकंद लागतात. आता गोदझिला ५० मीटरचा म्हणायचा आणि पोशाख दोन मीटरचा, म्हणजे सगळं २५ पट लहान. वस्तू २५ पट लहान असली की पडायचा वेळ ५ पट कमी होतो. मग पुठ्ठा-प्लास्टरची इमारत पाडली तर ती खेळण्यासारखी पटकन कोसळणार आणि डोळा फसणार नाही. म्हणून ते कॅमेरा नेहमीच्या सेकंदाला २४ चित्रांपेक्षा कितीतरी वेगानं चालवायचे आणि दाखवताना २४नंच दाखवायचे. पडणारी वीट रेंगाळते, धूळ सावकाश बसते, पाऊल उशिरा टेकतं. आणि आपल्याला ते जड वाटतं. डोळ्याला वजन कळतं ते वेळेवरून. दादा रिकामे परत येताना आणि भरलेले जाताना, फरक वेळेचाच असायचा.

पोशाखाच्या आतल्या माणसाचा चेहरा कुणाला दिसत नाही. पहिल्या अल्ट्रामॅनच्या आत बिन फुरुया हे उंच, सडपातळ नट होते. त्रास इतका की त्यांनी काम सोडायचं ठरवलं आणि ते सांगायला बसनं निघाले. बसमध्ये काही मुलं चढली आणि अल्ट्रामॅनबद्दल भारावून बोलू लागली. तो त्यांच्या शेजारीच आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. फुरुया परत कामावर गेले. पुढच्या ‘अल्ट्रासेव्हन’मध्ये त्यांना उघड्या चेहऱ्याची भूमिका मिळाली.

आता शेवटचा भाग. त्या संध्याकाळी दादा लवकर घरी आले होते. कंबर धरली होती, म्हणून काकूंनी त्यांना भिंतीला टेकायला जागा करून दिली. एरवी ते टीव्हीपुढे बसत नसत.

शेवटच्या भागात गिलोटिन स्वतः लढायला येतो. तो अवाढव्य रूप घेतो आणि बजावतो की माझं शरीर म्हणजे अणुऊर्जेचा गोळा आहे, माझ्यावर गोळी झाडलीत तर तुमची सगळी पृथ्वी फुटेल. कुणाचं काही चालत नाही. तोफा गप्प, माणसं गप्प. पोराच्या मनगटावर घड्याळ आहे, पण सांगणार काय? आणि तेव्हा रोबॉट आपला आपण हलतो. गिलोटिनला कवटाळतो आणि त्याला घेऊन सरळ वर उडतो. पोरगा घड्याळात ओरडतो. भाषा कळत नसली तरी ते कळत होतं, तो परत ये म्हणत होता. ज्यानं इतके भाग त्या आवाजाचा एकही शब्द मोडला नाही, तो वळत नाही. आकाशात एक उल्का दिसते. तो गिलोटिनसकट तिच्यावर जाऊन आदळतो. एक झगमगाट, आणि मग खाली उभं असलेलं पोर.

काकूंच्या घरात कुणी हललं नाही. धाकट्या बहिणीनं रडायला सुरुवात केली. दादांनी मला विचारलं,

“त्याला न्यायला कुणी सांगितलं व्हतं रं?”

“कुणीच नाही. पोरगं तर परत बोलवत होतं.”

दादा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मारुतीला मुळी आणायला सांगितली व्हती. डोंगर त्यानं आपल्या मनानं आणला.”

या मालिकेबद्दल पुढे मी बरंच वाचलं, पण याहून नेमकं कुठे सापडलं नाही. सांगितलेलं ओझं आणि आपल्या मनानं उचललेलं ओझं, दोन्हीचं वजन काट्यावर सारखं भरेल. पण पंचवीस भाग रोबॉट सांगितलेलं ओझं उचलत होता, आणि सव्विसाव्या भागातली एकच खेप त्याची स्वतःची होती. मुलांच्या मालिकेत, रबर आणि पुठ्ठ्याच्या त्या जगात, एवढी मोठी गोष्ट इतकी सरळ मांडली आहे की ती भाषेवाचून कळते. आम्हाला कळली. दादांना आमच्याआधी कळली.

मारुतीचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या हमालांच्या घरोघरी द्रोणागिरी घेतलेला मारुती असायचा. १९७४ साली थायलंडच्या चायो कंपनीनं त्सुबुराया कंपनीबरोबर एक चित्रपट काढला, त्यात हनुमान आणि अल्ट्रामॅन भावंडं मिळून राक्षसांशी लढतात. थायलंडमध्ये रामकथा घरचीच आहे, त्यामुळे तिथल्या माणसांना ही जोडी सुचली. दादांना ती जोडी गुलटेकडीला एका खोलीत बसून, काहीही न वाचता सुचली होती.

आता पोत्याचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली, म्हणजे रोबॉट जपानच्या पडद्यावर आला त्याच वर्षी, एका माणसाच्या अंगावरचं ओझं ५५ किलोपर्यंत खाली आणावं अशी शिफारस केली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. तरीही १०० किलोचं पोतं त्यानंतर कितीतरी वर्षं चालत राहिलं. हमालांचे पुढारी बाबा आढाव आणि त्यांची हमाल पंचायत यांनी ते ५० किलोवर यावं म्हणून झगडा केला, त्याच पंचायतीनं १९७४ साली कष्टाची भाकर सुरू केली, जिथं आजही आमच्यापैकी अनेकांचं दुपारचं जेवण होतं. ५० किलोचं पोतं आलं तेव्हा दादांच्या कंबरेला त्याचा उपयोग उरला नव्हता. त्यांच्या मागून आलेल्या पोरांना मात्र झाला. मी वहीत रोज पोत्यांची संख्या लिहितो, तेव्हा जुना माणूस म्हणून मला ते अर्धं झालेलं वजन दर ओळीत जाणवतं.

दादा आता नाहीत. गेल्या दिवाळीत मुलीनं मला तो शेवटचा भाग फोनवर शोधून दिला. आता मला इंग्रजी बऱ्यापैकी समजतं. मी संवाद ऐकत पहिला अर्धा भाग बघितला आणि मन लागेना. मग आवाज बंद केला, तेव्हा ती संध्याकाळ परत आली. तुमच्या घरी मुलं असतील तर हा भाग त्यांना जरूर दाखवा, आणि दाखवताना आवाज बंद ठेवा. त्यांना फक्त रोबॉटच्या पायांकडे बघायला सांगा. आणि पुढच्या वेळी भुसार बाजारात किराणा भरायला आलात की पोतं घेऊन येणाऱ्याला आधी वाट द्या.