मुक्त सॉफ्टवेअर : मोकळीक आणि मर्यादा

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांबरोबर अनेक लघुउद्योगही वाढले आहेत. अशा उद्योगांना संगणकाच्या आज्ञावली पुरवू पाहणाऱ्या होतकरू अभियंत्यास मुक्त सॉफ्टवेअर हे वरदानच होय. त्यामुळे थोड्या भांडवलात व्यवसाय उभा राहतो. मात्र मुक्त म्हणजे बिनशर्त नव्हे, हे ध्यानी न घेतल्यास तोच व्यवसाय अडचणीत येऊ शकतो.

समजा, एखाद्याने मालसाठ्याची मुक्त आज्ञावली घेतली, तिला स्वतः लिहिलेले वेतनगणनेचे प्लगइन जोडले आणि प्लगइनचा सोर्स कोड गुप्त ठेवून दोन्ही एकत्र विकले. हे नियमास धरून होईल काय?

अटींसह अनुज्ञा

१९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. सबब तिच्या प्रती वितरित करण्यास हक्कधारकाची अनुज्ञा लागते. मुक्त परवाना म्हणजे सर्वांना आधीच दिलेली, परंतु अटींसह दिलेली अनुज्ञा होय.

अशा परवान्यांपैकी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये प्रथम आणलेला ‘जीपीएल’ हा विशेष प्रसिद्ध आहे. त्याखालील आज्ञावलीवर आधारलेली कृती वितरित करताना ती संपूर्ण कृती त्याच परवान्याखाली, सोर्स कोडसह द्यावी लागते. प्लगइन मूळ आज्ञावलीशी एकजीव होऊन चालत असेल, तर दोन्ही मिळून एकच कृती ठरते, असे स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे मत आहे. त्यावर कायदेपंडितांत मतभेद आहेत. दोन स्वतंत्र आज्ञावली केवळ एकाच डिस्कवर दिल्यास मात्र हे बंधन लागू होत नाही.

मार्ग कोणते?

वेतनगणना स्वतंत्र आज्ञावली म्हणून लिहावी. मूळ आज्ञावलीच्या हक्कधारकांकडून विशेष सवलत लेखी मिळवावी. अथवा प्लगइनही जीपीएलखाली द्यावे. जीपीएल किंमत आकारण्यास मनाई करीत नाही. बसवणी, प्रशिक्षण व देखभाल यांचे शुल्कही घेता येते. आपल्याच कारखान्यापुरता वापर असेल, तर सोर्स कोड देण्याचे बंधन नाही. प्लगइन अन्य कंपनीचे असल्यास तिच्या परवान्यात पुनर्वितरणाची मुभा आहे किंवा कसे, हेही तपासले पाहिजे.

अटींचा भंग झाल्यास परवाना संपुष्टात येतो. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत, प्रथमच चूक करणाऱ्याने नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ती सुधारल्यास त्याचे अधिकार पूर्ववत होतात. जाणूनबुजून केलेल्या कॉपीराइटभंगास मात्र तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

म्हणून पहिली प्रत ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी दोन्ही परवाने शब्दशः वाचावेत आणि शंका असल्यास विधिज्ञांचा सल्ला घ्यावा, हेच नवउद्योजकाच्या हिताचे आहे.