एका टोल्यात अख्खं चित्र

आत्ता हे वाक्य वाचताना तुमच्या डोक्याच्या मागच्या भागाकडे प्राणवायूने भरलेलं ताजं रक्त धावतंय. कवटीला टाचणीही न टोचता ते बघता येतं. कसं?

सगळी गंमत पाण्याची! त्यातल्या हायड्रोजनच्या प्रत्येक अणूचं केंद्रक म्हणजे इवलासा लोहचुंबक. एमआरआय यंत्रात शिरलं, रेडिओलहरींचा धक्का बसला, की हे इवलेसे चुंबक स्वतःच रेडिओलहरी परत पाठवू लागतात. त्यांतूनच चित्र जुळवायचं.

पूर्वी चित्राच्या जवळजवळ प्रत्येक ओळीसाठी नवा धक्का लागे. एका चित्राला कित्येक मिनिटं! तोवर मनातला विचार कुठल्या कुठे. 1977 साली नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफिल्ड यांनी भलतीच धाडसी युक्ती मांडली. जणू देवळातल्या घंटेवर एकच टोला द्यायचा आणि नाद विरायच्या आत त्यातून सगळं ऐकून घ्यायचं. चुंबकीय क्षेत्राचा उतार भराभर उलटसुलट करत एकाच धक्क्यातून सगळ्या ओळी! आज मेंदूचा एक काप सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात टिपला जातो, तो याच वाटेने. धोक्याचे इशारे मिळूनही 1978 साली हा गृहस्थ स्वतःच यंत्रात उभा राहिला.

आणि हे महाशय कोण? पंधराव्या वर्षी शाळा सुटलेला लंडनचा मुलगा! शास्त्रज्ञ व्हायचंय म्हटल्यावर शाळेतल्या सल्लागाराने त्याला वाटेला लावलं. तो छापखान्यात लागला, नोकरी सांभाळून शिकत राहिला, 1959 साली पदवीधर झाला. 2003 साली नोबेल.

चित्र झटपट मिळू लागलं, पण त्यात विचार कसा दिसणार? 1990 साली सेइजी ओगावा यांनी दुवा दाखवला. प्राणवायू सोडून दिलेलं हिमोग्लोबिन आसपासचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं. प्राणवायूने भरलेलं तसं करत नाही. कामाला लागलेल्या भागाला गरजेपेक्षा जास्तच ताजं रक्त मिळतं आणि तिथला संकेत वाढतो. रक्त स्वतःच चुगली करतं म्हणा ना!

मात्र मेंदूत डोकावण्याचं दार सगळ्यांना सारखं उघडं नाही. मेंदूतली वीज मोजणाऱ्या ईईजी या दुसऱ्या तंत्राचंच बघा. त्याचे इलेक्ट्रोड टाळूला टेकावे लागतात. दाट, कुरळ्या केसांतून ते नीट टेकत नाहीत, मग असे केस असलेल्या कृष्णवर्णीय लोकांना अनेकदा अभ्यासातून वगळलं जातं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या आर्नेल एटिएन या विद्यार्थिनीने केसांना दोष न देता इलेक्ट्रोडच बदलला. डोक्यालगत घट्ट वेण्या घालायच्या, आणि वेण्यांखाली अडकणाऱ्या चिमट्यांनी इलेक्ट्रोड मधल्या भांगांत, थेट टाळूवर दाबून धरायचे.