भय आणि भरवसा

आशूऱ्याच्या निमित्ताने मुलांना सांगावयाची एक कुराणकथा

मोहरम हा हिजरी कालगणनेचा पहिला महिना. त्याच्या दहाव्या दिवसास आशूरा म्हणतात. महाराष्ट्रातील लोकांस हा दिवस परिचित आहे तो ताबुतांमुळे. सांगली जिल्ह्यातील कडेगावचे उंच ताबूत पाहावयास दूरदूरची माणसे लोटतात, आणि ते उचलणाऱ्या हातांत हिंदू कोणते व मुसलमान कोणते हे निवडू म्हटले तरी निवडता येत नाही. इ. स. ६८० मध्ये, म्हणजे हिजरी सन ६१ मध्ये, करबला येथे हुतात्मा झालेल्या इमाम हुसेन यांच्या कबरीची प्रतिकृती म्हणजे हा ताबूत. त्यामुळे हे स्मरण शोकाचे आहे.

परंतु याच दिवसाशी आणखी एक, त्याहून कितीतरी प्राचीन स्मरण निगडित आहे. पैगंबर महंमद मक्केहून मदिनेस आले तेव्हा तेथील यहुदी आशूऱ्याचा उपवास करीत असल्याचे त्यांना आढळले. हजरत मूसा आणि त्यांचे लोक मिसर देशच्या फिरऔनाच्या तावडीतून याच दिवशी सुटले, असे त्याचे कारण त्यांना समजले. मूसांशी आमचेही नाते आहे, या भावनेने पैगंबरांनी स्वतः उपवास केला व अनुयायांसही करावयास सांगितले, असे हदीसग्रंथांत नमूद आहे. पुढे रमजानचे रोजे बंधनकारक झाल्यावर हा उपवास ऐच्छिक ठरला. तरी आजही अनेक श्रद्धावंत तो पाळतात.

कुराणात ज्या पैगंबरांची नावे येतात त्यांत सर्वांत अधिक वेळा येणारे नाव मूसांचेच आहे. श्रद्धा आणि धैर्य हे दोन शब्द मुलांना समजावून सांगावयाचे झाल्यास त्यांच्या कथेसारखी दुसरी कथा क्वचितच सापडेल, असे आम्हांस वाटते.

निर्भय नायकांचा मोह

शूरांच्या कथा सांगणाराला एक मोह नेहमी पडतो. नायक कधी भ्यालाच नाही असे तो सांगून टाकतो. ऐकणारी मुले टाळ्या पिटतात आणि घरी जातात. पण रात्री अंधारात परसदारी जाण्याची वेळ आली की त्याच मुलांची पावले अडखळतात. आपण भितो, अर्थात आपण त्या नायकाच्या जातीचे नव्हे, असा निष्कर्ष ती मनाशी काढतात. ज्या कथेने धीर द्यावयाचा तीच कथा अशा रीतीने बालमनाचा धीर हिरावून घेते.

कुराणातील मूसाकथेचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात जवळजवळ प्रत्येक सज्जन पात्र कधी ना कधी भ्यालेले आहे. आई भ्याली, मूसा भ्याले, त्यांचे लोक भ्याले. त्या भीतीची कथेने कोठेही लाज बाळगलेली नाही.

आई आणि तिची अनामत

कुराणाच्या २८ व्या अध्यायात ही कथा विस्ताराने येते. बनी इस्राईल या जमातीस फिरऔनाने गुलाम केले होते. त्यांचे मुलगे मारावे आणि मुली जिवंत ठेवाव्या, अशी त्याची आज्ञा. अशा काळात मूसांचा जन्म झाला. ईश्वराने त्यांच्या आईच्या मनात प्रेरणा घातली: बाळाला दूध पाज, आणि त्याच्या जिवाचे भय वाटू लागले की त्याला नदीत सोड, तो तुझ्याकडे परत येईल.

२० व्या अध्यायात हाच प्रसंग आहे. बाळाला ज्या पेटीत ठेवले तिला तेथे जो अरबी शब्द आला आहे तो आहे ‘ताबूत’! ज्या शब्दाने आपण मोहरमची शोकयात्रा ओळखतो त्याच शब्दाने कुराणात एका तान्ह्या बालकाचा जीव राखला आहे. आपल्याकडील ताबूतही अखेर पाण्यातच विसर्जित होतात. दोहोंतील नाते शब्दापुरतेच आहे, त्याहून अधिक आम्ही सुचवीत नाही. पण मुलांच्या मनात कथेचा धागा गुंतवावयास एवढे पुरेसे आहे.

आपल्या श्रोत्यांना येथे वसुदेवाची आठवण झाल्यावाचून राहात नाही. कंसाचे भय, काळोखी रात्र, दुथडी वाहणारी यमुना हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. तथापि तुलना करताना भेदही सांगावा. वसुदेवाला बाळाचे चतुर्भुज रूप दिसले होते आणि पलीकडच्या तीरावर नंदाचे घर ठाऊक होते. मूसांच्या आईपाशी केवळ एक आश्वासन होते आणि नदी जेथे नेईल ते घर कोणाचे, हे तिला ठाऊक नव्हते. महाभारताच्या वनपर्वात कुंतीही कर्णाला मंजूषेत ठेवून अश्वनदीत सोडते. पण तिला लोकलज्जेने तसे करावे लागले, आणि त्या मंजूषेमागे काठाकाठाने चालणारी बहीण नव्हती.

एकदा ही कथा सांगत असता एका लहानग्या मुलीने आम्हांस विचारले, “आईने बाळ टाकून दिलं का?” प्रश्न मोलाचा होता. आम्ही तिला ‘ईमान’ या शब्दाकडे नेले. ज्या धातूपासून ईमान, त्याच धातूपासून अमन आणि अमानत. अमानत म्हणजे विश्वासाने ठेवावयास दिलेली वस्तू. तिचेच मराठी रूप आपली ‘अनामत’. आईने बाळ टाकले नाही, अनामत ठेवले. ज्याच्यापाशी ठेवले त्याच्यावर तिचा भरवसा होता, यालाच श्रद्धा म्हणावयाचे.

आणि तरीही कुराण पुढे काय सांगते? पेटी दूर गेली आणि आईचे अंतःकरण रिते झाले. ती सारे गुपित बोलून टाकण्याच्या बेतात होती. ईश्वरानेच तिचे मन सावरून धरले. आश्वासन मिळाले म्हणून आईचे काळीज दगडाचे झाले नाही. भरवसा आणि घालमेल एकाच हृदयात नांदू शकतात, ही गोष्ट मुलांना येथेच सांगून ठेवावी.

काठावरची मुलगी

यानंतर कथेत येते ती मूसांची बहीण. कुराणाने तिचे नाव दिलेले नाही. आईने तिला एवढेच सांगितले की, त्याच्या मागावर राहा. ती निघाली. काठाकाठाने, अंतर राखून, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने तिने पेटीवर नजर ठेवली. पेटी नेमकी फिरऔनाच्या माणसांच्या हाती लागली. बायबलमध्ये बाळाला उचलणारी फिरऔनाची कन्या आहे. कुराणात त्याच्या बचावाला येते ती फिरऔनाची पत्नी. याला मारू नका, हा आपल्याला सुख देईल, आपण याला पुत्र मानू, असे ती म्हणाली.

बाळ मात्र एकाही दाईचे दूध घेईना. तेव्हा ती बहीण पुढे झाली आणि जणू काही संबंधच नाही अशा स्वराने म्हणाली की, याचे संगोपन नीट करील असे एक घर मी तुम्हांला दाखवू का? अशा रीतीने बाळ आपल्याच आईच्या मांडीवर परत आले.

आमच्या मते मुलांसाठी या कथेचा गाभा येथे आहे. त्या मुलीने समुद्र दुभंगला नाही, तिच्या हाती काठी नव्हती, तिला दिव्य वाणी ऐकू आली असेही कुराण सांगत नाही. तिने तीन गोष्टी केल्या: नजर ढळू दिली नाही, गप्प राहावयाचे तेथे गप्प राहिली, आणि बोलावयाचे तेथे बोलली. हत्येची आज्ञा देणाऱ्याच्या माणसांपुढे उभे राहून बोलली! धैर्य म्हणजे समोरचे पुढचे एक पाऊल टाकणे, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळते, आणि मुख्य म्हणजे जमते.

भ्यालेले पैगंबर

मूसा मोठे झाले. त्यांच्या हातून अजाणता एक मनुष्य मेला आणि ते भीतभीतच नगर सोडून मदयन प्रांतात गेले. अनेक वर्षांनी तूर पर्वतापाशी त्यांना ईश्वराचा आदेश झाला. हातची काठी टाकताच ती सर्पासारखी सळसळू लागली, आणि मूसा मागे न पाहता पळाले. त्यांना परत बोलावले गेले ते धिक्कारून नव्हे; पुढे ये, भिऊ नकोस, तू सुरक्षित आहेस, अशा अर्थाच्या शब्दांनी.

फिरऔनाकडे जाण्याची आज्ञा झाली तेव्हा मूसांनी काय मागितले? शस्त्र नाही, सैन्य नाही. माझे मन विशाल कर, माझ्या जिभेची गाठ सोडव आणि माझा भाऊ हारून याला माझ्या जोडीस दे. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना हा प्रसंग अवश्य सांगावा. मदत मागणे हे भ्याडपणाचे लक्षण नव्हे, हेही त्यातून कळते. दोघा भावांना मग बजावण्यात आले की, त्या जुलमी राजाशीही सौम्य शब्दांत बोला. धैर्याला आरडाओरड लागत नाही!

दरबारात जादूगारांनी दोर व काठ्या टाकल्या. त्या वळवळताना पाहून मूसांच्या मनात पुन्हा भय दाटले, असे २० वा अध्याय सांगतो. पण त्यांनी आपली काठी टाकली आणि सारे मायाजाल विरून गेले. तेव्हा बक्षिसाच्या आशेने आलेले तेच जादूगार सत्य ओळखून नतमस्तक झाले. हातपाय तोडून खजुराच्या खोडांवर सुळी देण्याची धमकी राजाने दिली, तरी ते ढळले नाहीत. तुझी सत्ता या जन्मापुरतीच, असे त्यांनी त्याला सुनावले. सकाळचे भाडोत्री संध्याकाळी वीर होऊ शकतात, हे मुलांना आशा देणारे सत्य आहे.

आणि अखेरीस तो समुद्र. पुढे पाणी, मागे फिरऔनाचे सैन्य. लोक ओरडले की, आता आपण सापडलो. मूसा म्हणाले की, नाही, माझा प्रभू माझ्यासमवेत आहे, तो मार्ग दाखवील. काठीचा प्रहार होताच पाणी दुभंगले आणि दोन्ही बाजूंस डोंगरासारखे उभे राहिले. ध्यानात घ्यावे की, वाट दिसण्यापूर्वी मूसांनी हे उद्गार काढले. सर्पाला पाहून पळालेला पुरुष समुद्रापुढे अचल राहिला. मधल्या काळात प्रत्येक भयाच्या वेळी एकेक पाऊल टाकीत तो तेथवर आला होता.

सांगण्याची रीत

कीर्तनात पूर्वरंगी सिद्धान्त मांडतात आणि उत्तररंगी आख्यान लावतात. मुलांपुढे क्रम उलटा ठेवावा. आधी कथा सांगावी. सिद्धान्त त्यांच्याच तोंडून येऊ द्यावा. पेटी नदीत सोडली की थांबावे आणि विचारावे, तुम्ही ती बहीण असता तर काय केले असते? काठीचा सर्प झाला की विचारावे, तुम्हांला कशाची भीती वाटते?

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. मुस्लिम परंपरेत पैगंबरांचे चित्र काढणे किंवा त्यांचे सोंग घेणे अनुचित मानतात. म्हणून नाव आदराने ‘हजरत मूसा’ असे घ्यावे, त्यांचा अभिनय करू नये, मुलांना चित्र काढावयास सांगावयाचे तर नदीचे, पेटीचे, समुद्राचे सांगावे. दुसऱ्याच्या घरची कथा सांगताना त्या घरची रीत सांभाळणे हाही संस्कारच होय.

मग हुसेनांना पाणी का मिळाले नाही?

चाणाक्ष मूल येथे एक प्रश्न विचारील आणि त्याला बगल देऊ नये. याच दिवशी मूसांसाठी समुद्र दुभंगला असेल, तर याच दिवशी करबलेत फुरात नदी जवळ असता इमाम हुसेन व त्यांचे मूठभर सहकारी तहानेने का व्याकुळ झाले? तेथे चमत्कार का झाला नाही?

याचे उत्तर आम्ही इतकेच देऊ की, श्रद्धा म्हणजे सुटकेची हमी नव्हे. मूसा वाचले म्हणून त्यांची श्रद्धा खरी आणि हुसेन वाचले नाहीत म्हणून ती अपुरी, असे कोण म्हणेल? प्राण वाचविण्यासाठी यझीदाची सत्ता मान्य करणे हुसेनांनी नाकारले. त्यांची वाट अडविणारा सरदार हुर्र अखेरच्या घटकेस त्यांच्या बाजूस येऊन लढला व पडला; फिरऔनाच्या जादूगारांचीच ही जात. एका कथेत पाणी बाजूला झाले, दुसरीत पाणी मिळालेच नाही. माणसे मात्र दोन्हीकडे आपल्या जागी उभी राहिली. आशूऱ्याने ही दोन्ही स्मरणे एकाच दिवसात ठेवली आहेत आणि मुलांनाही ती दोन्ही द्यावीत. केवळ चमत्काराची कथा दिली तर पहिल्या संकटात त्यांचा भरवसा मोडेल.

शेवटी एका शब्दाचा मागोवा घेऊन थांबतो. २८ व्या अध्यायाचे नाव आहे ‘कसस’, म्हणजे कथन. आपला ‘किस्सा’ त्याच धातूचा. आणि त्याच अध्यायात आई मुलीला ‘त्याच्या मागावर राहा’ म्हणते, तेथील क्रियापदही त्याच धातूचे आहे. पावलांचा माग काढणे आणि कथा सांगणे, अरबी भाषेला ही दोन्ही एकाच मुळाची वाटली! नदीकाठाने पेटीवर डोळा ठेवून चालणारी ती मुलगी जे करीत होती, तेच मुलांना कथा सांगणाऱ्या प्रत्येक आईबापाने, गुरुजींनी, कथेकऱ्याने करावयाचे आहे. लेकरू प्रवाहात सोडले आहे. प्रवाह आपल्या हातचा नाही. पण काठ सोडू नये आणि बोलावयाच्या वेळी गप्प बसू नये.